पोस्टर सुचतं कसं? उपयोजित कलेच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

उपयोजित कलेच्या वर्गात ब्रीफ (काय काम करायचं ते सांगणारी लेखी सूचना) मिळालं की दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग म्हणतो, ‘काहीच सुचत नाहीये.’ उरलेल्या निम्म्याला पहिल्याच रात्री सुचलेलं असतं आणि ते बहुतेकांचं सारखंच असतं. पाणी वाचवा म्हटलं की नळाला लोंबणारा थेंब आणि थेंबात पृथ्वी. झाडं लावा म्हटलं की तळहातावर रोपटं. वाचनाचा विषय आला की उघड्या पुस्तकातून उडणारे पक्षी. या चित्रांमध्ये चूक काहीच नाही. ती इतकी पाहून झाली आहेत की नजर त्यांच्यावरून घसरून पुढे जाते, एवढंच.

‘सुचत नाही’ आणि ‘सगळ्यांसारखंच सुचलं’ या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे असं माझं मत आहे. प्रश्न फार मोठा घेतलेला असतो. तो लहान करायचा, मग त्याची भरपूर उत्तरं कागदावर काढायची आणि त्यातली बहुतेक टाकून द्यायची. डिझाइन प्रोसेस म्हणतात ती हीच. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने ती एकमेकांना टोकाने चिकटलेल्या दोन शंकरपाळ्यांसारख्या आकृतीत मांडली आहे: आधी पसरा, मग आवळा, पुन्हा पसरा, पुन्हा आवळा. डबल डायमंड या नावाने ती तुम्हाला थिअरीच्या तासाला भेटेलच. आकृती पाठ होते, पण ती वापरायची कशी हे एखादं काम शेवटपर्यंत केल्याशिवाय कळत नाही. म्हणून या लेखात एकच काम घेऊ.

ब्रीफ असं समजा: ‘बिबट्याविषयी ग्रामीण भागात जनजागृती करणारं पोस्टर. आकार ए३, भाषा मराठी.’ ब्रीफ काल्पनिक आहे, विषय खरा आहे. पुणे जिल्ह्यातले जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वनविभागात येतात. धरणांच्या पाण्यावर तिथे ऊस वाढला आणि बिबट्या उसात राहायला लागला. लपायला जागा, प्यायला पाणी, खायला गावातली कुत्री. जंगलात तरी आणखी काय असतं?

१. ब्रीफ फोडा

हे ब्रीफ वाचल्यावर हात आपोआप कुठे जातो ते बघा. जबडा वासलेला बिबट्या, वर लाल अक्षरांत ‘सावधान!’, खाली बारीक टायपात सहा सूचना. हात तिथे जाऊ द्या, ते चित्र एका कोपऱ्यात काढून टाका आणि मग ब्रीफमधल्या एकेका शब्दाला प्रश्न विचारा.

‘ग्रामीण भागात’ म्हणजे नेमकं कोणाला? बागायतदार शेतकरी आहे. शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून अंधारात पाणी द्यायला जाणारा गडी आहे. वस्तीवरून शाळेत चालत जाणारी मुलगी आहे. ऊसतोडीसाठी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेलं जोडपं आहे. शनिवार-रविवारी शिवनेरी पाहायला आलेले पर्यटक आहेत. या पाच जणांना बिबट्याबद्दल सांगायच्या गोष्टी पाच आहेत. सगळ्यांना एका पोस्टरमध्ये कोंबलं की ते कोणाचंच राहत नाही.

‘जनजागृती’ हा शब्द तर दिसला की खोडायचा. जुन्नरच्या माणसाला बिबट्या आहे हे सांगायला तुमची गरज नाही, त्याने तो तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिला आहे. त्या शब्दाच्या जागी एक क्रियापद लिहा. पोस्टर पाहिल्यावर माणसाने काय करायचं? थांबायचं, फोन करायचा, टॉर्च घ्यायची, मुलाला एकटं सोडायचं नाही? एक निवडा.

मग हे वाक्य पूर्ण करा: ‘अमुक माणसाने, अमुक ठिकाणी, अमुक करावं. सध्या तो ते करत नाही, कारण...’ शेवटचा ‘कारण’ सगळे गाळतात आणि खरी कल्पना तिथेच दडलेली असते. आपल्या उदाहरणात मी ते असं पूर्ण करेन: ‘ऊस तोडताना बिबट्याची पिल्लं दिसली, तर तोडणाऱ्याने हात न लावता मागे व्हावं आणि वनविभागाला कळवावं. सध्या तो पिल्लं उचलतो, कारण ती मांजराएवढी असतात, एकटीच दिसतात आणि टाकून दिलेली वाटतात.’

खरं तर ती टाकलेली नसतात. मादी जवळपास कुठेतरी असते आणि अंधार पडला की पिल्लांसाठी परत येते. म्हणूनच सापडलेली पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवली जातात आणि अनेकदा रात्रीत आई त्यांना घेऊन जाते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारण केंद्र आहे, तिथली माणसं हे काम वर्षानुवर्षं करताहेत. पिल्लं तिथून हलवली तर मादी त्यांना शोधत त्याच शिवारात फिरते आणि धोका त्याच माणसांना होतो.

आता ‘बिबट्या जनजागृती’ आणि या वाक्यात किती फरक पडला बघा. पहिल्यावर शंभर जण एकच चित्र काढतील. दुसऱ्यावर विचार करावा लागतो.

२. जाऊन पाहा, निदान विचारा

पुढची पायरी पिंटरेस्ट नाही. पिंटरेस्टवर इतरांची उत्तरं मिळतात, तीही इतरांच्या प्रश्नांची. ते उघडायचंच असेल तर थंबनेल, म्हणजे कल्पनांची छोटी कच्ची चित्रं, काढून झाल्यावर, मांडणीचे पर्याय पाहण्यापुरतं उघडा.

शक्य असेल तर त्या जागी जा. जाता येत नसेल तर त्या भागातल्या शिक्षकाशी, शेतकऱ्याशी, वनरक्षकाशी फोनवर बोला. बिबट्या पाहायला उसात शिरायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी उत्साही निघतोच. माणसांचे फोटो घेताना आधी विचारा, आणि फोटो कशासाठी हवा आहे तेही सांगा.

नोंदी तीन गोष्टींच्या घ्या. हा माणूस दिवसभर काय करतो, त्याची नजर कुठे थोडा वेळ तरी टिकते आणि तो कोणते शब्द वापरतो.

ऊसतोड कामगारांबद्दल या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की आपल्या ब्रीफमधल्या पोस्टरलाच हादरा बसतो. दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ही कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. काम पहाटे, अंधारातच सुरू होतं. लहान मुलं फडाच्या कडेला, बांधावर, कधी झोळीत असतात. राहायला कोपी, म्हणजे पाचट-प्लॅस्टिकची झोपडी. तिला पोस्टर चिकटवायला भिंतच नाही! अनेकांना वाचता येत नाही किंवा अडखळत येतं.

मग ए३ पोस्टर लावणार कुठे? ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं तर कामगार तिथे जातच नाही. पण साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेत माणसं तासन्‌तास बसून असतात. करण्यासारखं काही नसलेली, समोर बघत बसलेली माणसं म्हणजे पोस्टरसाठी याहून चांगला प्रेक्षक कुठला? दुसरी जागा मुकादमाचा मोबाइल. त्याने फॉरवर्ड केलेलं चित्र टोळीत सगळे पाहतात. म्हणजे काम दोन आकारांत लागेल: रांगेतून दिसेल असं मोठं आणि हातातल्या फोनवर कळेल असं उभं. ब्रीफमध्ये ए३ लिहिलं आहे म्हणून ए३ द्याच, मार्क त्याचे आहेत. पण जोडीला हे दोन आकार दिले आणि कारण सांगितलं तर सर किंवा मॅडम नाही म्हणणार नाहीत. आधी विचारून घेतलेलं बरं.

वाचता न येणाऱ्यांसाठी डिझाइन करण्यात आपला देश नवखा नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून उमेदवारांना चिन्हं दिली गेली. बैलजोडी, झोपडी, दिवा अशी रोजच्या वापरातली. त्याआधी १९२०च्या दशकात व्हिएन्नात ओटो नॉइराट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आकडेवारी सामान्य कामगाराला कळावी म्हणून सपाट, साध्या आकृत्यांची पद्धत बसवली. स्टेशनवर आणि विमानतळावर दिसणाऱ्या चित्रखुणांची वंशावळ तिथपर्यंत जाते. दोन्हीकडून घ्यायची गोष्ट हीच, की चित्र पाहणाऱ्याच्या रोजच्या जगातलं हवं. ‘धोका’ दाखवायला कवटी आणि दोन हाडं काढाल, तर ती फडातल्या माणसापेक्षा तुम्हालाच जास्त ओळखीची असेल.

३. कागद भरा

आता थंबनेल. कार्ट्रिज पेपर वगैरे नको, साध्या कागदावर पाच बाय सात सेंटिमीटरच्या चौकटी आखा. ए३चं प्रमाण जवळपास तेच आहे. काळा मार्कर किंवा जाड पेन्सिल घ्या. बारीक पेन घेतलं की बिबट्याच्या मिशा काढण्यात वेळ जातो.

किती काढायच्या? वर्गात साधारण वीस-पंचवीस मागतात. मी चाळीस म्हणेन. पहिल्या दहा-बारा सगळ्यांच्या असतात तशाच असतात, त्या काढूनच संपवाव्या लागतात. मग एक कंटाळवाणा टप्पा येतो आणि तिथेच बहुतेक जण उठून लॅपटॉप उघडतात. नेमकं तेव्हाच बसून राहायचं.

वर्गात ग्रुपने ब्रेनस्टॉर्मिंग करायची पद्धत आहे. तिचा जनक अॅलेक्स ऑस्बर्न हा अमेरिकन जाहिरात व्यवसायातला माणूस. कल्पना येत असताना तिच्यावर टीका करायची नाही, आधी संख्या वाढवायची, हे त्याचे नियम चांगलेच आहेत. पण १९५८ साली येल विद्यापीठात केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की एकत्र बसलेल्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त भरतात. पुढच्या संशोधनातही हेच पुन्हा पुन्हा दिसलं. गटात एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आपल्या कल्पनेला हसतील म्हणून काही जण गप्प बसतात, काही जण दुसऱ्यावर सोडून देतात. तेव्हा आधी एकट्याने कागद भरा, मग चार जण मिळून कागद टेबलावर पसरा. एकाच्या चौकटीवरून दुसऱ्याला सुचतं, तो ग्रुपचा खरा फायदा.

हात अडला की खालच्या युक्त्या वापरून पाहा. सगळ्या प्रत्येक कामाला लागू पडत नाहीत.

*मुख्य वस्तू काढून टाका.* बिबट्याच्या पोस्टरमधून बिबट्याच वगळा. काय उरतं? अर्धवट तोडलेला फड, थांबलेला कोयता, पाचटातला खळगा. थांबलेला कोयता मला आवडला. ‘थांबा’ हे क्रियापद त्यात चित्रातच आलं.

*बोलणारा बदला.* पोस्टरमधून सरकार बोलतं, तसं मुकादम बोलला तर? फडातली बाई बोलली तर? पिल्लांची आई बोलली तर?

*दोन गोष्टी जोडा.* रुपयाचं चिन्ह आठवा. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन आर एकाच आकारात बसवले आणि वर दोन आडव्या रेघा घेतल्या. खुल्या स्पर्धेतून आलेलं हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वीकारलं. दोन्ही अक्षरं ओळखू येतात आणि तरी तिसरंच काहीतरी तयार होतं, ही जोडण्याची कसोटी. आपल्या विषयात काय जोडता येईल? बांधावरच्या झोळीतलं बाळ आणि सरीतली पिल्लं. दोघांच्या आया कामाला गेल्या आहेत.

*वेळ सरकवा.* पिल्लं दिसण्याच्या क्षणाऐवजी त्याच रात्रीचा प्रसंग काढा. किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचा: खोकं रिकामं आहे, भोवती पावलांचे ठसे.

*नुसती अक्षरं.* चित्रच नाही. आपल्या वाचकासाठी हा पर्याय बाद आहे, तरी काढा; मथळा घट्ट होतो.

या टप्प्यावर इमेज जनरेटर वापरायचा मोह होतो. माझा विरोध तत्त्वाचा कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. त्याला ‘उसात बिबट्या’ सांगितलं की तो बांबूच्या बनात काहीतरी ठिपकेदार प्राणी उभा करतो आणि तो इतका गुळगुळीत असतो की त्यात बदल करायला मन धजत नाही. कच्च्या चौकटीचा फायदा हाच, की ती फाडताना वाईट वाटत नाही.

स्टॉक फोटोबाबतही (नेटवर मिळणारे तयार फोटो) जपा. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांचे पोकळ गुच्छ असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यापासून तोंडाकडे काळी रेघ उतरते. गुच्छाच्या आत आणखी एखादा ठिपका दिसला तर तो दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार. जुन्नरच्या माणसासमोर जॅग्वार लावलात तर पुढचं तो वाचणारच नाही.

४. टाकून द्या

चाळीस चौकटी भिंतीवर लावा आणि एक दिवस जाऊ द्या. मग तीन-चार मीटर लांब उभं राहून बघा. काय चाललंय ते कळत नाही त्या काढा. आधी कुठेतरी पाहिल्यासारख्या वाटतात त्याही काढा. उरलेल्यांना ते वाक्य लावा: हे पाहून तो माणूस ते क्रियापद करेल का?

या कसोटीवर चांगल्या दिसणाऱ्या कल्पना पडतात, म्हणून ती जड जाते. झोळीतलं बाळ आणि सरीतली पिल्लं ही जोडी घ्या. वर्गात दाखवली तर वाहवा होईल, पोर्टफोलिओत शोभेल, स्पर्धेला पाठवावीशी वाटेल. पण फडातली बाई त्यातून काय समजेल? कदाचित ‘बिचारी पिल्लं’ असंच, आणि बिचारी म्हणूनच ती त्यांना उचलून सावलीत ठेवेल. म्हणजे आपल्याला नको तेच. कदाचित आणखी वाईट, आपल्या बाळाशेजारी बिबट्याची पिल्लं पाहून ती घाबरेल आणि बाकी काही लक्षात राहणार नाही. माया जागी होते, पण ‘मागे व्हा’ कुठेच येत नाही.

थांबलेला कोयता दिसायला साधा आहे. पण तो त्यांच्याच हातातला आहे आणि थांबलेला आहे. त्याला पुढे नेता येतं. तीन चौकटींची उभी पट्टी करा: पाचटात पिल्लं आणि हवेत थांबलेला कोयता, मागे सरलेली टोळी आणि कानाला फोन, अंधारात पिल्लं तोंडात धरून नेणारी मादी. तिसऱ्या चौकटीशिवाय पहिल्या दोन हुकूम वाटतात. तिसरी चौकट ‘कारण’ सांगते: ती टाकलेली नव्हती. झोळीच्या कल्पनेतला आईचा धागा इथे कामाला आला, असं बऱ्याचदा होतं. म्हणून टाकलेल्या चौकटी कचऱ्यात नाही, फाइलमध्ये जातात.

मी कोयत्याची कल्पना निवडली, तुम्ही वेगळी निवडाल. निवडीचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि ‘मला आवडली’ हे कारण नाही.

५. रंग आणि मांडणी

इथे थोडक्यात. जागा आठवा. गावातल्या नाक्यावर आणि कारखान्याच्या रस्त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स असतात: भडक लाल, केशरी, निळं आकाश, पंधरा चेहरे. त्यांच्याशी ओरडण्याची शर्यत लावू नका. मोकळी पांढरी किंवा पिवळी जागा आणि दोनच रंग असं काही तिथे वेगळं उठून दिसेल. आणखी एक अडचण: वाळलेल्या पाचटाचा रंग आणि बिबट्याचा रंग जवळपास एकच. निसर्गात तीच त्याची सोय आहे. चित्रात मात्र पिल्लं दिसायला हवीत, तेव्हा पाचट सपाट एका रंगात ठेवून ठिपके गडद करा. करड्या रंगात बदलून एकदा बघा. तिथे पिल्लं हरवत असतील तर रंगांनी तात्पुरती वेळ मारून नेली आहे.

६. अक्षर

मराठी पोस्टरं इथे हमखास मार खातात, म्हणून जरा थांबू.

फॉन्ट नंतर, शब्द आधी. ‘बिबट्याचे बछडे निदर्शनास आल्यास त्वरित संपर्क साधावा’ असं कोणी बोलत नाही. ‘पिल्लं दिसली? हात लावू नका. आई येतेय.’ हे बोलतात. मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना श्वास अडखळला तर वाक्य लांब आहे. नोंदवहीत लोकांचे शब्द टिपायला सांगितले होते ते यासाठी.

आता फॉन्ट. कॉम्प्युटरवर समोर येतो म्हणून मंगल वापरू नका. तो र. कृ. जोशी यांच्यासारख्या मोठ्या अक्षरकाराने मायक्रोसॉफ्टसाठी घडवला आहे, पण पडद्यावर लहान आकारात वाचता यावा यासाठी. पोस्टरच्या मथळ्यात तो कृश दिसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत मिळतात आणि त्यांत जाड-बारीक वजनं आहेत. मजकुराला मुक्त, मथळ्याला बलू ही जोडी सुरुवातीला पुरेशी आहे. खरं सांगायचं तर मथळा हाताने लिहिता आला तर सोन्याहून पिवळं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं शोधून बघा. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते गंभीर आहे की फार्स, हे अक्षराच्या वळणावरून कळतं.

बाकी काही गोष्टी न विसरता तपासा. अक्षरांमधली जागा इंग्रजीसारखी वाढवू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधली जागा मात्र इंग्रजीपेक्षा जास्त लागते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल तर ‘पिल्लं’मधली वेलांटी भलतीकडे जाते आणि ‘बिबट्या’तला जोड सुटून पायमोडका ट दिसतो. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ सुरुवातीला हिंदी वळणाचे असतात. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श फॉन्टमध्येच असतो, मजकुराची भाषा मराठी निवडली की येतो किंवा पर्यायी अक्षरांच्या यादीत सापडतो. ‘पिल्लं’ शब्दात दोन ल आहेत, तेव्हा आपल्या पोस्टरवर ही चूक लगेच दिसेल.

महाराष्ट्र वनविभागाच्या हेल्पलाइनचा नंबर १९२६ आहे. पोस्टरवर तो आंतरराष्ट्रीय आकड्यांत (1926 असा) टाका, कारण मोबाइलच्या बटणांवर तेच आकडे असतात. आणि तो कोपऱ्यात लोगोंच्या रांगेत नको. दुसऱ्या चौकटीतल्या फोनशेजारी, मथळ्याएवढा मोठा हवा. छपाईला देण्याआधी स्वतः तो डायल करून बघा.

७. दाखवून पाहा

मित्रांना नाही. मित्र ‘भारी’ म्हणतात. वर्गातल्या कोणाला मराठी वाचता येत नसेल तर त्याला दाखवा. कॉलेजच्या उपाहारगृहातल्या मावशींना, वॉचमनकाकांना दाखवा. कच्चं, हाताने काढलेलं दाखवा; छापील दिसलं की माणसं चुका सांगायला संकोचतात. ‘कसं वाटलं?’ विचारू नका. ‘मावशी, यात काय चाललंय?’ विचारा आणि गप्प बसा. समजावून सांगायला तोंड उघडलंत की चाचणी संपली.

आपल्या पट्टीत काय बिघडू शकतं याचा अंदाज असा: पट्टी खालून वर वाचली जाईल. तिसऱ्या चौकटीत मादी पिल्लाला खातेय असं वाटेल, कारण तोंडात धरलं आहे. ही दुसरी शंका मला गंभीर वाटते. उपाय: मांजर पिल्लाला मानेला धरून नेते तशी पकड स्पष्ट दाखवा, दुसरं पिल्लू मागून चालताना दाखवा. मग पुन्हा नव्या माणसाला दाखवा, त्याच मावशींना नाही. त्यांना उत्तर आता माहीत आहे.

८. फाइल तयार करा

आता कॉम्प्युटर. इथवर आलात तर हे काम तुलनेने लवकर होतं.

ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छापून झाल्यावर कापली जाणारी जादा कड. फोटो असेल तर छापायच्या आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला तेवढे ठिपके). रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये; पडद्यावर चमकणारा हिरवा छापल्यावर मळका येतो, म्हणून छोटा तुकडा आधी छापून पाहा. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चारही शाया एकमेकांवर आल्या की कडा फिसकटतात. फॉन्ट आउटलाइन करून (अक्षरांचे नुसते आकार करून) द्या, पण आउटलाइन न केलेली फाइल जपून ठेवा, नाहीतर शेवटच्या क्षणी काना-मात्रा बदलायची पंचाईत. वजनकाट्याच्या मोठ्या फलकासाठी रेझोल्यूशन कमी चालतं, तो लांबून पाहायचा असतो. सबमिशनच्या आदल्या रात्री कॉलेजबाहेरच्या दुकानात रांग असते आणि मशीनही तेव्हाच बिघडतं, तेव्हा एक दिवस आधी जा.

९. ज्युरीसमोर

प्रोसेस फाइल म्हणजे सजवलेलं स्क्रॅपबुक नाही. काम झाल्यावर उलट्या क्रमाने थंबनेल ‘तयार’ करणारे विद्यार्थी असतात. ते लगेच ओळखू येतं: सगळ्या चौकटी एकाच पेनाने, एकाच बैठकीत, आणि सगळ्या एकाच उत्तराकडे जाणाऱ्या. खऱ्या फाइलमध्ये चहाचे डाग नसले तरी चालतील, आडवळणं मात्र दिसली पाहिजेत.

क्रम असा ठेवा: मूळ ब्रीफ, तुम्ही पूर्ण केलेलं वाक्य, प्रत्यक्ष पाहिलेल्याची दोन पानं, सगळी थंबनेल, बाद केलेल्या दोन-तीन चांगल्या कल्पना आणि बाद करण्याचं कारण, चाचणीत काय कळलं आणि काय बदललं, मग अंतिम काम. तोंडी सांगताना दोन मिनिटं पुरे. ‘सर, मी असं दाखवण्याचा प्रयत्न केला आहे’ अशी सुरुवात टाळा. दाखवलं असेल तर दिसेलच. वाक्यापासून सुरुवात करा: हे ऊस तोडणाऱ्यांसाठी आहे, पिल्लं दिसल्यावर त्यांनी मागे व्हावं यासाठी आहे.

परीक्षक बहुधा विचारतील, ‘बिबट्या इतका लहान का?’ किंवा ‘झोळीची कल्पना का सोडलीत, ती छान होती की.’ दुसऱ्या प्रश्नाची वाटच बघायची. बाद कल्पनांचं पान उघडा, बाईने पिल्लं सावलीत ठेवली तर काय होईल ते सांगा, आणि मग चौकटींची पट्टी पुढे करा. त्यांचं मत तरीही वेगळं असू शकतं. ते तारखेसह त्याच पानावर लिहून ठेवा. हेच काम पोर्टफोलिओत घालताना पुन्हा करायची वेळ आली तर सुरुवात त्या नोंदीपासून करता येते.